सातपासून सुरू होणारी फीत

एक फीत आहे. ती सातपासून सुरू होते.

घरच्या घरी पट्ट्याला भोक पाडायचं असेल तर खिळा तापवून घ्यावा. गार खिळ्याने चामडं फाटतं.

बँकेतल्या बाईंची कंबर बत्तीस आहे. लग्नात बत्तीस होती, दोन बाळंतपणांनंतर बत्तीस होती, परवा सुनेला घेऊन आल्या तेव्हाही बत्तीसच होती.

आरशाच्या खालच्या कडेमागे लाकडाची पाचर आहे. ती काढली तर माणसं बुटकी होतात.

"जरा दोरा घेऊन येतो" असं म्हणून माणूस दुकानाबाहेर पडला, की तो किती वेळात परत येणार हे दोऱ्याचं दुकान किती लांब आहे यावर नसतं. ते गोष्ट सांगणाऱ्यावर असतं.

खुंटीवर एक काळा कोट लटकतोय. नवाकोरा. कंबर चाळीस. तो कुणालाच होत नाही.

*

हे सगळं एकाच शिलाईच्या दुकानातलं आहे. पुढे काउंटर, आरसा आणि माप द्यायला उभं राहायची लाकडी फळी. मध्ये पडदा. पडद्यामागे कटिंगचं टेबल, दोन मशिनी, एक जड इस्त्री आणि वर्षानुवर्षं जिरलेला वास. मशीनच्या तेलाचा, खडूचा आणि गरम ओल्या कापडाचा. दुकान वडिलांनी काढलं. आता ते ताई चालवते. ताई म्हणजे त्यांची मुलगी. अख्खी गल्ली तिला ताई म्हणते, त्यामुळे तिच्याहून वयाने मोठ्या बायकाही तिच्यासमोर धाकट्या होऊन उभ्या राहतात.

पूर्वी पुढे वडील माप घ्यायचे आणि मागे आई कापायची. पुढच्या बाजूची फीत पिवळी. ती बाजारातून आली तशी राहिली नव्हती. तिच्या एकच्या आधी वडिलांनी दोन इंचांची कोरी पट्टी शिवली होती, अशा बेताने की जोड बरोबर अंगठ्याखाली जावा. त्यामुळे बत्तीसची कंबर तीस भरायची. वडील ती मोठ्याने, एखादी खुशखबर द्यावी तशी सांगायचे, "कंबर तीस." श्वास ओढून उभी राहिलेली बाई हळूच श्वास सोडायची. पडद्यामागे आई काही न बोलता कापडावर खडूने बत्तीस लिहायची. कपडा मापात बसायचा. बाई चार जणींना सांगायची, यांच्याकडचंच माप बसतं हो, बाकीचे शिंपी कापड चोरतात.

नियम एवढाच होता. पुढे मोठ्याने बोललेल्या कमरेत मागे दोन मिळवायचे. हा नियम कुणी कुणाला शिकवला नव्हता. हाताखाली कटिंग शिकायला आलेल्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात एका झग्याची कंबर ऐकली तशी कापली, तेव्हा आई त्यांना म्हणाली होती, "अहो, ती बाई यात बसणार कशी? की तिने जन्मभर उभंच राहायचं?" मास्तर त्या दिवसापासून शहाणे झाले. मास्तर आजही पडद्यामागे आहेत. केस गेले, दात गेले, दोन मिळवायची सवय गेली नाही.

लहानपणी ताईने एकदा विचारलं होतं, "बाबा, हे खोटं नाही का?"

"कपडा खरा बसतो ना? मग खोटं राहिलं कुठे?"

"माझ्या खडूत राहिलं," पडद्यामागून आई म्हणाली. "मी झटकते ना रोज."

आणि मग ते दोघं, पडद्याच्या दोन बाजूंना, एकमेकांना न दिसता हसले होते. ताईला ते हसणं अजून ऐकू येतं. विशेषतः दुपारी, गिऱ्हाईक नसताना, इस्त्रीचं पाणी चुरचुरतं तेव्हा.

*

गोष्ट, ताई गिऱ्हाइकांना सांगते तशी:

आई आजारी पडली. डॉक्टर काय म्हणतात ते वडिलांना कळायचं नाही, त्यांना इंच कळायचे. म्हणून दर रविवारी ते घरातली साधी तपकिरी फीत घेऊन आईची कंबर मोजायचे. आईची कंबर तीस, खरी तीस. एका रविवारी ती एकोणतीस भरली आणि वडील दिवसभर जेवले नाहीत. पुढच्या आठवड्यात वडील दोऱ्याला गेले होते. ताई पडदा सारून आत आली, तर आई टेबलापाशी एकटी, हातात कात्री. तिने फितीच्या टोकाचा एक इंच कापून टाकला होता आणि पितळी टोपण पुन्हा दाबून बसवत होती. ताईला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. रविवारी वडिलांनी मोजलं. तीस. "जशीच्या तशी आहे," ते म्हणाले, आणि दोन वेळा जेवले.

आई वाळत गेली तशी फीतही आखूड होत गेली. शेवटी ती सातपासून सुरू व्हायची. आणि आई शेवटच्या रविवारपर्यंत तीस होती.

"भोळे बाबा माझे," ताई शेवटी म्हणते. "तिने किती जपलं त्यांना."

इथे गिऱ्हाईक डोळे पुसतं. बँकेतल्या बाईंनी तर ही गोष्ट निदान पाच-सहा वेळा ऐकली असेल, तरी दर वेळी पदर डोळ्यांना लावतात. एकदाच त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही म्हणालात रेडिओ चालू होता."

"होता ना."

"त्याच्या मागच्या वेळी म्हणालात, इतकी शांतता होती की कात्रीचा आवाज ऐकू आला."

"रेडिओ बारीक होता," ताई म्हणाली. "हात वर करा. कंबर बत्तीस."

*

या वर्षी ताईच्या लेकीचं लग्न ठरलं. लेक दुसऱ्या शहरात नोकरी करते. सहा महिन्यांनी घरी आली, दारात चप्पल काढताकाढता आजोबांकडे बघितलं आणि चप्पल तिच्या हातातच राहिली.

"मम्मी, आजोबा किती वाळलेत."

"वाकून बसलेत म्हणून तसं दिसतं."

"पट्टा बघ त्यांचा. शेपूट मागे पाठीपर्यंत गेलंय."

"पट्टा पहिल्यापासून लांबच आहे."

पट्टा पहिल्यापासून लांब नव्हता. त्याला तीन नवी भोकं ताईनेच पाडली होती, खिळा गॅसवर लाल करून. पहिलं पाडताना ती मनाशी म्हणाली, चामडं सैल पडलंय. दुसऱ्याच्या वेळी म्हणाली, उन्हाळ्यात माणूस उतरतोच. तिसऱ्या वेळी ती काहीच म्हणाली नाही. तेवढा वेळ तिने रेडिओ मोठा केला. वडिलांच्या विजारी तर ती न सांगताच आत घ्यायची. मागच्या शिवणीत अर्धा इंच, मग आणखी अर्धा. वडीलही म्हणायचे, "आजकालचं कापडच असलं. धुतलं की पसरतं." ताई म्हणायची, "पूर्वीसारखा धागा राहिला नाही." कापडाला नावं ठेवण्यात बापलेकीचं छान जमायचं.

"डॉक्टरांना दाखवलंत?" लेकीने विचारलं.

"लग्न होऊ दे. मग दाखवू."

"लग्नाचा आणि डॉक्टरचा काय संबंध?"

"आता तपासण्या काढल्या की त्यांचं लक्ष लागेल का लग्नात? तूच सांग."

बोलणं इतकं समजूतदार होतं की ताईला स्वतःचंच कौतुक वाटलं. लेकीला मात्र ते पटलं नाही. तिने आजोबांचा हात हातात घेतला आणि त्यांचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत वर सरकवून दाखवलं. आजोबा हसले. ताई चहा टाकायला उठली.

*

लग्नाला वडिलांना कोट हवा होता.

"निळा की काळा, मालक?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हीच ठरवा. मला दोन्ही सारखेच."

हा दुकानातला जुना विनोद. वडिलांना गडद निळा आणि काळा यांतला फरक कधीच कळला नाही. मास्तरांनी काळं कापड काढलं.

मापाला वडील फळीवर उभे राहिले. ताई त्यांच्यामागे गेली आणि क्षणभर तिला सगळं उलटं झाल्यासारखं वाटलं. लहानपणी या फळीवर ती उभी असायची आणि खाली वडील, दातांत टाचण्या धरून, "हलू नको गं, गांधीलमाशी आहेस का तू?" असं टाचण्यांतूनच बोलायचे. त्यांच्या मानेला तेव्हा घामाचा आणि कोऱ्या कापडाचा वास असायचा. आता मान टेबलाच्या पायासारखी झाली होती आणि वास साबणाचा होता.

पिवळी फीत तिने मुद्दाम बाजूला ठेवली. आपल्याच माणसाला ती लावायची नाही, हे घरातलं जुनं वळण. खणातली खरी फीत घेतली, कमरेभोवती फिरवली, पोटावर दोन्ही टोकं जुळवली. अंगठा जिथे थांबला तिथे बत्तीस होतं.

तिने फीत काढली. पुन्हा लावली. बत्तीस.

वडील आरशात बघत होते. तिच्याकडे नाही, स्वतःकडेही नाही. आरशाच्या वरच्या चौकटीकडे.

"अडतीस," ताई मोठ्याने म्हणाली. अडतीस म्हणजे त्यांचं जुनं माप. गेली वीस वर्षं त्यांचे कपडे त्याच मापाचे होते. ते तोंडातून इतकं सहज निघालं की जणू फितीवरच छापलेलं होतं. पाठोपाठ छाती जुनी सांगितली, खांदा जुना सांगितला.

"जशीच्या तशी," वडील म्हणाले.

"जशीच्या तशी," ताई म्हणाली.

*

ट्रायल शुक्रवारी संध्याकाळी होती. लेक काउंटरवर बसून फोनवर कुणाशी तरी पाहुण्यांच्या गाड्यांचं बोलत होती. मास्तरांनी पडदा सारून कोट आणला. ताईने मागून धरला, वडिलांनी एक हात घातला, दुसरा घातला.

लेक हसली. तिची चूक नव्हती, कुणीही हसलं असतं. कोट वडिलांनी घातलाय की वडील कोटात उतरलेत, ते सांगता आलं नसतं. पुढची दोन टोकं ताईने बटणाशी जुळवली तर पाठीमागे कापडाची एवढी मोठी मूठ हातात आली. मग लेकीचं हसू मध्येच थांबलं. तिने फोन न सांगताच बंद केला.

"मास्तर," ताई म्हणाली, "दोन इंच जास्त धरलेत तुम्ही."

हे खरं होतं. मास्तरांनी अडतीस ऐकलं होतं, पुढून, मोठ्याने. आयुष्यभर केलं तेच त्यांनी केलं होतं.

"धरले," मास्तर म्हणाले. "पुढून आलं की मी धरतोच. ताई, पण ..." आणि ते वडिलांच्या पाठीवरच्या त्या मुठीकडे बघत राहिले. दोन इंच किती असतात ते त्यांना कळत होतं. ती मूठ दोन इंचांची नव्हती.

"घाईत झालं असेल," ताई म्हणाली. "कापडही जरा जास्तच पसरणारं आहे. मी बघते. मागून घेऊ आत, बाजूने घेऊ, त्यात काय एवढं, काढा बाबा, मी रात्रीतून ..."

"दोनच?" वडील म्हणाले.

"अं?"

"मास्तरांनी दोनच मिळवले ना? मग बाकीचे कुणाचे?"

इस्त्री तापली होती, तिचा लाल दिवा विझून टक् असा आवाज झाला.

"खरी फीत आण," वडील म्हणाले.

"बाबा, बसा ना जरा. चहा घ्या, मग ..."

"आण गं."

तिने खणातून फीत काढली. वडिलांनी कोट उतरवून मास्तरांच्या हातात दिला आणि सदऱ्यावर उभे राहिले. आधी मात्र ते वाकले, आरशाच्या खालच्या कडेमागून पाचर काढली आणि खिशात घातली. आरसा भिंतीला लागला. त्यात एक छोटा म्हातारा माणूस आला.

ताईने फीत फिरवली.

"बत्तीस."

"मोठ्याने."

"बत्तीस."

"मास्तर," वडील पडद्याकडे न बघता म्हणाले, "यात काही मिळवू नका."

मास्तरांनी मान हलवली आणि पडद्यामागे गेले. आत खडू चालल्याचा आवाज आला नाही. नाक शिंकरल्याचा आला.

"सोमवारी जाऊ डॉक्टरकडे," वडील म्हणाले.

"उद्या," लेक म्हणाली.

"उद्या शनिवार. गिऱ्हाइकांची गर्दी ..."

"आजोबा."

"बरं बाई. उद्या. तुझ्या आईवर गेलीस तू." मग जरा थांबून ते म्हणाले, "नाही, तिच्या आईवर."

*

लेक डॉक्टरांची वेळ घ्यायला बाहेर गेल्यावर ताईने खणाच्या अगदी तळातून ती दुसरी फीत काढली. तपकिरी, मऊ पडलेली. पितळी टोपण काळं झालेलं. काउंटरवर ठेवली. इतकी वर्षं तिने ही फीत शेकडो लोकांना दाखवली होती, पण वडील दुकानात असताना कधीच नाही.

"आईच्या वेळी," ती म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं?"

वडिलांनी फीत उचलली. न बघता. बोटांनी टोक शोधलं, अंगठा त्यावर बसला. आयुष्यभराची जागा होती ती.

"सातपासून," ते म्हणाले. "अंगठ्याला कळतं गं. अंगठ्याला सगळं कळतं. मी त्याला विचारत नव्हतो, एवढंच."

"मग ती एवढं करत होती ते कुणासाठी?"

"माझ्यासाठीच. आणि मी तीस म्हणत होतो ते तिच्यासाठी. रविवार बरा जायचा बघ. ती गरम पाण्याने डोकं धुवायची, मग मी मोजायचो, मग आपण जेवायला बसायचो. तू ताटं घ्यायचीस. तिला दोन घास जायचे नाहीत, पण बसायची. मी म्हणायचो, जशीच्या तशी. तर म्हणायची, तुमचा हात सैल आहे, नीट ओढा. नीट ओढा म्हणायची." ते हसले. फीत बोटाभोवती गुंडाळू लागले, जशी रोज दुकान बंद करताना गुंडाळायचे तशी. "तसे रविवार पुन्हा नाही आले."

ताईलाही ते रविवार दिसत होते. ओल्या केसांचा वास, खिडकीतून ताटापर्यंत आलेलं ऊन, आईचा तो खोटा रागावलेला आवाज. आणि हे सगळं आठवत असताना तिला वडिलांचा राग आला. तिने इतकी वर्षं ज्यांना भोळं म्हणून सांभाळलं, ते भोळे नव्हतेच.

"पण तुम्हाला कसं कळलं असेल?" ती हट्टाने म्हणाली. "पहिल्यांदा तिने कापली तेव्हा तुम्ही नव्हतात. मी पाहिलंय. तुम्ही दोऱ्याला गेला होतात."

वडिलांनी तिच्याकडे बघितलं. खूप वेळाने कुणीतरी चांगला विनोद करावा तसे त्यांचे डोळे झाले.

"मी? दोऱ्याला?" ते म्हणाले. "मला तुझ्या आईने कधी दोऱ्याला पाठवलंय? काळ्याच्या जागी निळा घेऊन आलो असतो मी."

हे ताईला माहीत होतं. दुकानात हे सगळ्यांना माहीत होतं. दोरा आई आणायची, आई गेल्यावर ताई आणायची. या दुकानात वडील दोरा आणायला कधीच गेले नव्हते. शेकडो वेळा सांगितलेल्या त्या गोष्टीतून त्यांना बाहेर पाठवायला तिला दोऱ्याशिवाय दुसरं काही सुचलं नव्हतं, आणि शेकडो वेळा ते तिला खटकलंही नव्हतं.

"मग कुठे होतात?" तिने विचारलं. आवाज तिचाच होता, पण फळीवर उभ्या असलेल्या लहान मुलीचा वाटला.

"दुकान सोडून मी कुठे असणार?" वडील म्हणाले आणि फितीची गुंडाळी तिच्या तळहातावर ठेवली.

बाहेरून लेकीने हाक मारली, डॉक्टरांनी सकाळी दहाला बोलावलंय, येताना जुने कागद आणा. ताई "हो" म्हणाली. मास्तर पडद्यामागून आले. तो चाळीसचा कोट उसवायचा का, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, नको, तो राहू दे तसाच. नवा कापा. काळं कापड उरलंय तेवढं पुरेल आता.

नवा कोट बत्तीसचा झाला. लग्नात वडील तो घालून पुढच्या रांगेत बसले, हातावर दवाखान्याची पट्टी होती ती बाहीत झाकून. बँकेतल्या बाई म्हणाल्या, काय फिटिंग आहे. ताई म्हणाली, खऱ्या मापाचं आहे. आणि सवयीने गोष्ट सांगायला तिने सुरुवात केली, पण "वडील" या शब्दापाशी अडखळली आणि म्हणाली, बसा ना, मी थंड काहीतरी पाठवते.

त्या तपकिरी फितीचा पहिला इंच कापला गेला तेव्हा सकाळ होती आणि तिघंही टेबलापाशी होते. फीत ताईने ताणून धरली होती. कात्री आईला वडिलांनी दिली, मुठीच्या बाजूने.